मुंग्यांची हरकत नसेल तर

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण ह्यात माझी जी काही शोभा झालीये ती वाचून कोणी मला शहाणा म्हणणार नाही. पण आमच्या ग्रुपवर अजून सगळ्यांना वाटतं की चुना कांतनं टाकला. तो काही बोलत नाही. मग मलाच बोलायला पाहिजे ने. तर बसलोय. मकरपुऱ्यात आमच्या कंपनीत जेवायची सुट्टी अर्धा तास. दहा मिनिटात डबा संपतो, उरलेल्या वीस मिनिटात जेवढं होईल तेवढं लिहितोय. शाळा माझी गुजराती माध्यमाची, मराठी लिहायला फोनवर स्वतःच शिकलो. ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका, गोष्टीकडे बघा.

मी विश्राम. वेल्डर. वेल्डिंगही कोणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. तरसालीत राहतो. बाबा सांगलीकडून इथे कामाला आले आणि इथलेच झाले.

कांत म्हणजे लक्ष्मीकांत. त्याचं घर मांडवीला, एकदम जुनं बडोद्याचं मराठी घराणं, पणजोबा राजाच्या दफ्तरात होते वगैरे. तो शाळेत गणित शिकवतो. आमची ओळख अशी झाली की एक दिवस तो स्कूटरवर आमच्या शेडमध्ये आला आणि कागदावर एक चित्र दाखवलं. मधे खांब, खाली लोखंडी टोपली, वर गोल कडं आणि कड्याला लोंबणाऱ्या साखळ्या.

मी म्हटलं, "भाई, हे काय, कोंबड्या ठेवायच्यात?"

"डिस्क गोल्फ," तो म्हणाला. "लांबून डिस्क फेकायची, ती ह्या साखळ्यांना आपटून टोपलीत पडली पाहिजे. कमी फेकीत जो टाकेल तो जिंकला."

"म्हणजे फ्रिसबी."

"फ्रिसबी नाही. ही जड असते, कडक असते. कोणाच्या कानाला लागली तर कान हातात येईल."

तेव्हाच मला खेळ आवडला, खरं सांगतो.

झोपाळ्याच्या दुकानातून लोखंडी साखळ्या आणल्या आणि शेठला विचारून रविवारी रविवारी नऊ बास्केट बनवल्या. उचलून नेता येतील अशा. तरसालीत आमच्या सोसायटीच्या मागे महानगरपालिकेची बाग आहे, तिथे सकाळी नेऊन ठेवायच्या, खेळायचं, परत उचलून आणायच्या. टी म्हणजे जिथून पहिली डिस्क फेकायची ती जागा. तिथे विटेचा तुकडा ठेवायचो. बस, झाला कोर्स. हळूहळू आम्ही आठ जण झालो, मग पंधरा. बागेत आम्हाला थाळीवाले म्हणायला लागले.

आता बाग म्हटली की सकाळी तिथे आम्ही एकटे नसतो ने. चालणारे असतात, हास्य क्लबवाले असतात, नवरात्रीच्या चार महिने आधीपासून गरबा बसवणाऱ्या मुली असतात. आणि कांतचा एकच हट्ट. आधी चालणारे, मग आपण. कोणी दिसलं तर फेकायचं नाही. दिसलं नाही तरी जाऊन बघायचं. हात वर करायचा, "डिस्क!" म्हणून ओरडायचं, मग फेकायची. समोरचा थांबला तर त्याला आपण थांबायचं, तो कंटाळून गेला तरी.

एकदा तीन नंबरच्या रस्त्यात एक काका डोळे मिटून प्राणायाम करत बसले होते. आम्ही सहा जण डिस्क पोटाशी धरून, चुपचाप, माना खाली घालून उभे. अकरा मिनिटं. काकांनी डोळे उघडले, आम्हाला बघितलं आणि घाबरून म्हणाले, "कोई मरी गयुं के शुं?"

मला हे सगळं जरा जास्तच वाटायचं. मी व्हिडिओ बघून खेळ शिकलो. व्हिडिओत कोणी काकांसाठी थांबत नाही. तिथे हिरवंगार गवत, पांढऱ्याशुभ्र रेषा, लोक टाळ्या वाजवतात. मला ते पाहिजे होतं.

मार्चमध्ये, होळी झाल्यावर, कांतनं पहिली स्पर्धा ठरवली. रविवारी सकाळी सात ते दहा. अहमदाबाद, सुरत, आणंद सगळीकडून मिळून बावीस जण येणार होते. कांत दोन वर्षं ह्याच्यासाठी झटत होता. त्याचं म्हणणं, एकदा बाहेरचे लोक येऊन नीट खेळून गेले, कोणाची तक्रार आली नाही, की मग ही बाग कायमची कोर्स म्हणून मागता येईल. आणि तक्रार आली तर परत कधीच नाही.

बागेचे सुपरवायझर संपतराव. माणूस चांगला, पण कागदाशिवाय पापणी हलवणार नाही. ते म्हणाले, "लक्ष्मीकांतभाई, माझी ना नाही. पण सकाळच्या मंडळाची सही आणा. उद्या कोणी वर कंप्लेंट केली तर ओरडा मला बसतो, तुमच्या थाळीला नाही."

सकाळचं मंडळ म्हणजे प्रेमला काकू. मंडळात साठ लोक असतील, पण मंडळ म्हणजे काकू. शाळेतून रिटायर झालेल्या, नऊवारीच्या जमान्यातला कडकपणा आणि पायात पांढरे स्पोर्ट्‌स शूज. मराठी एकदम स्वच्छ. माझ्याशी बोलताना दर दोन वाक्यांनी थांबायच्या.

"विश्राम, 'चालेल ने' नाही. नुसतं 'चालेल'."

"हा काकू, चालेल ने."

त्या रोज सकाळी एक वाटी पीठ घेऊन यायच्या. चार नंबरच्या बास्केटजवळ जो मोठा लिंब आहे, त्याच्या बुडाशी मुंग्यांची बिळं आहेत. तिथे वाकून चिमटीचिमटीनं पीठ टाकायचं. गुजराती लोक ह्याला किडियारूं म्हणतात, मुंग्यांना जेवण घालणं. कीडी म्हणजे मुंगी. काकूंना हे त्यांच्या शेजारणीनं, नयनाबेननं लावलेलं. मी एकदा विचारलं होतं, पुण्य लागतं का. तर म्हणाल्या, "पुण्याचं मला माहीत नाही. तेहेतीस वर्षं शिकवलं, एक वर्ग न सांगता ओळीत आला नाही. ह्या येतात."

बुधवारी कांतनं त्यांना सगळं समजावलं. नऊ बास्केट कुठे, कोण कुठे उभं राहील, चालणाऱ्यांचा रस्ता कसा मोकळा राहील, सगळं वहीत काढून. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एक स्पेलिंग सुधारलं आणि म्हणाल्या, "शनिवारी सकाळी कागद आण. सही करते."

म्हणजे झालंच होतं काम. झालंच होतं.

आता मी. शुक्रवारी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी बागेत गेलो. एकटा. कांतनं सांगितलं होतं की चार नंबरला हद्द दाखवायला नुसती सुतळी लाव. हद्दीबाहेर डिस्क गेली की एक फेक दंड, तर रेषा लागते. सुतळी माझ्याकडे होती. पण आमच्या कंपनीच्या क्रिकेट मॅचमधून उरलेली चुन्याची अर्धी गोणी पण होती. आणि डोक्यात तो व्हिडिओ.

मी बास्केटला दोरी बांधली आणि दहा मीटरचा मस्त गोल आखला. एकदम कंपास लावल्यासारखा. गोल जाता जाता लिंबाच्या बुडाशी आला. तिथे सकाळचं पीठ होतं, मुंग्या होत्या, ओळ चालू होती.

मी बघितलं. खोटं कशाला बोलू, मी नीट बघितलं. बडोद्यात जन्मलोय, मला काय माहीत नाही ते काय आहे? पण गोल तुटला असता ने. मी मनात म्हटलं, मुंग्या आहेत, फिरून जातील. आणि चुना टाकला. बिळांवरून. जरा फिका वाटला म्हणून परत एक हात मारला.

मग फोटो काढला. फोटो छान आला होता.

शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही पोचलो तेव्हा काकू लिंबाखाली उभ्या होत्या. हातात वाटी, वाटीत पीठ तसंच. बाजूला नयनाबेन. खाली पांढऱ्या चुन्यात काळे ठिपके. हलत नव्हते ते. बाकीच्या मुंग्यांचा पत्ता नाही.

कांतच्या हातात कागद होता, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, वर पेन अडकवलेलं.

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे कोणी केलं?"

कांतनं माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मी काय केलं माहितीये? मी बास्केटची साखळी नीट करायला लागलो. साखळी नीटच होती.

मग कांत म्हणाला, "चूक माझी आहे, काकू. मी टाकला चुना."

"तू?"

"हो."

"तूच ना रे बुधवारी मला सांगत होतास, आधी चालणारे, मग आम्ही?"

"हो, काकू."

"मग मुंग्या काय रिक्षानं जातात?"

नयनाबेनच्या तोंडातून हसू फुटलं, त्यांनी पदर लावला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी फाइलमधलं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं आणि पेन कांतच्या हातात दिलं. "ज्याला पायाखालचं दिसत नाही त्याला मी बाग देणार नाही," म्हणाल्या आणि गेल्या. वाटी तशीच भरलेली.

मला वाटलं आता कांत मला धरून हाणणार. हाणलं नाही. शिवी पण नाही. संपतरावांकडून झाडू आणि पत्र्याची सुपली आणली आणि चुना भरायला लागला. मी पण वाकलो.

"कांत, यार..."

"तिकडून भर. उडवू नको."

"तू कशाला नाव घेतलंस स्वतःचं?"

"नियम सगळ्यांना मी शिकवतो. तुला कळला नाही म्हणजे मी नीट शिकवला नाही."

ह्यापेक्षा एक कानाखाली दिली असती तर परवडलं असतं.

गोणी भरल्यावर तो बाकावर बसला आणि फोन काढला. "पाच वाजेपर्यंत सगळ्यांना रद्दचा मेसेज टाकतो. सुरतवाले पहाटे निघणार, त्यांना आधी कळायला पाहिजे." इतकं शांत बोलला की मला तिथे बसवेना.

त्या दिवशी मी कामावर दांडी मारली. दुपारी गिरणीत गेलो, दोन किलो पीठ घेतलं, वाण्याकडून साखर घेतली आणि काकूंच्या घरी. दार नयनाबेननं उघडलं. मला बघून आत हाक मारली, "प्रेमलाबेन, चुनावाळो आव्यो!" म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं की काय, मला घामच फुटला. पण नाही, त्या आम्हाला सगळ्यांनाच आता चुनावाळा म्हणत होत्या.

काकू झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली.

"हे काय?"

"पीठ. मुंग्यांना."

"लक्ष्मीकांतनं पाठवलं?"

"नाही. काकू, चुना मी टाकला. कांतनं नाही टाकला. त्याला माहीतच नव्हतं. त्यानं मला सुतळी लावायला सांगितली होती."

झोपाळा थांबला. मला वाटलं आता त्या म्हणतील, शाबास बेटा, खरं बोललास, आण कागद. कांतची फाइल मी बाकावरून उचलून पाठीमागे शर्टात खोचून आणली होती, खरं सांगतो.

काकू म्हणाल्या, "म्हणजे तो माझ्याशी खोटं बोलला?"

"नाही नाही, म्हणजे..."

"माझ्या तोंडावर? मी विचारलं 'तू?' तर 'हो' म्हणाला?"

"ते माझ्यासाठी, काकू."

"एक गप्प बसला आणि एक खोटं बोलला. वा! मी सकाळी एकावर चिडले होते, आता दोघांवर चिडते. नयनाबेन, ह्याला पाणी द्या, घाम बघा केवढा आलाय."

मी पाणी प्यायलो. नयनाबेन गुजरातीत हळूच म्हणाल्या की पोरगा आला तर खरा, जाऊ द्या. काकू म्हणाल्या, आला म्हणून पाणी दिलं ने. त्या 'ने' म्हणाल्या. मी ऐकलं. बोललो नाही, तेवढी अक्कल होती.

मग त्यांनी पायानं परत झोका घेतला. आणि म्हणाल्या, "हे बघ विश्राम. माझं तुम्ही काय वाकडं केलंत? काही नाही. मी तिथे रोज तासभर जाते, त्या चोवीस तास राहतात. बागेवर हक्क त्यांचा. उद्या सकाळी मुंग्या परत त्या झाडाखाली आल्या तर मी सही करीन. त्यांची हरकत नसेल तर माझी नाही."

"आणि नाही आल्या तर?"

"तर सुरतच्या लोकांना माझ्याकडे चहाला घेऊन ये. पण थाळी उडणार नाही."

मी धावत बागेत. कांत परत त्याच बाकावर येऊन बसलेला. पाच वाजायला वीस मिनिटं.

"मेसेज टाकू नको! मी काकूंना सांगून आलो. सगळं खरं."

तो उठला. "मग? सही?"

"नाही. आता त्या तुझ्यावर पण चिडल्या."

"माझ्यावर का?"

"खोटं बोललास म्हणून."

त्यानं डोक्याला हात लावला. आणि मग, सकाळपासून पहिल्यांदा, हसला. मी अट सांगितली तर आणखी हसला. मग एकदम गंभीर झाला. "विश्राम, मुंग्या गेल्यात कुठे?"

आम्ही दोघं गुडघ्यावर बसून शोधायला लागलो. सापडल्या. पंचवीस तीस पावलांवर हास्य क्लबचा ओटा आहे, तिथे फरशीच्या फटीत. संध्याकाळची बॅच चालू होती. हात वर करून हा हा हा. आणि मधेच दोन काका खरंच उड्या मारत होते, पाय झटकत. मुंग्या धोतरात गेलेल्या.

पुढचे अडीच तास काय केलं ते बघणाऱ्यांनाच विचारा. आधी लिंबाखालची वरची माती दोन बोटं खरवडून काढली, चुन्याचा वास जायला पाहिजे म्हणून. संपतरावांना विचारून गुलाबाच्या वाफ्यातली नवी माती आणली. संपतराव म्हणाले, "फॉर्ममध्ये मातीचं काही लिहिलेलं नाही," पण फावडं त्यांनीच दिलं. मग ओट्यापासून लिंबापर्यंत पिठाची रेघ टाकायची होती, म्हणजे मुंग्यांना रस्ता कळेल. मी सरळ रेघ मारायला लागलो.

नयनाबेन बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "अरे सीधी नहीं! कीडीने पूछ, ती कुठून जाते ते बघ, तिच्या मागे टाक." तीन भाषा एका वाक्यात. आणि पिठात साखर आणि थोडं तूप घातलं. तुपाचा वास मुंगीला लांबून येतो म्हणे.

चालणाऱ्यांना काय चाललंय कळेना. मी गणिताच्या मास्तरबरोबर जमिनीला नाक लावून पीठ टाकतोय. कोणी येताना दिसलं की कांत उठायचा, हात वर करायचा, "जरा इकडून, प्लीज, रस्ता बनतोय." लोक वळसा घालून जायचे. एका काकांनी विचारलं, "मेट्रो?" कांत म्हणाला, "हो, मुंग्यांची."

घरी जाताना कांतनं बावीस जणांना मेसेज टाकला. या, पण खेळ होईलच असं नाही, मुंग्यांवर अवलंबून आहे. सुरतहून लगेच उत्तर आलं, "कीडी कई टीमनी छे?" म्हणजे मुंगी कुठल्या टीमची?

रविवारी सकाळी सव्वासहाला सगळे हजर. बावीस पाहुणे टी-शर्ट घालून, आमचे पंधरा, मंडळाचे लोक, संपतराव शिक्का खिशात घेऊन. आणि लिंबाखाली काकू, एकट्या, पाठीमागे हात बांधून. जवळ कोणाला येऊ देत नव्हत्या. त्यांनी वाटीभर नवं पीठ टाकलं होतं, ते तसंच पडलेलं. मुंगी एक नाही.

साडेसहा. पावणेसात. रेघेवर पण काही नाही. थंडी होती जरा, मुंग्या थंडीत उशिरा उठतात असं नयनाबेन म्हणत होत्या, पण त्या मला धीर देत होत्या हे कळत होतं. संपतराव घड्याळ बघायला लागले. सुरतवाल्यांची कुजबुज सुरू. कांत फाइल छातीशी धरून उभा. मी त्याच्याकडे बघूच शकत नव्हतो. दोन वर्षं. आणि का, तर माझा गोल तुटला असता.

सातला पाच कमी असतील, ऊन सोसायटीच्या टाकीवरून आलं आणि लिंबाच्या बुडाशी पडलं. काकू वाकल्या. सगळे पुढे सरकले.

"थांबा!" काकू. सगळे थांबले.

"आली," त्या म्हणाल्या.

कांत पुढे झाला, पेन काढलं.

"एक आली रे. एका मुलीनं वर्ग भरतो का?"

पेन परत. ती एक मुंगी पिठाभोवती फिरली, एक कण उचलला आणि चालली परत, ओट्याकडे, आमच्याच रेघेच्या बाजूनं. सदतीस माणसं आणि वर मंडळ, श्वास धरून एका मुंगीकडे बघत. ती गेली. दिसेनाशी झाली. मग काही मिनिटं काहीच नाही. आणि मग त्या आल्या. आधी तीन, मग दहा, मग ओळच. काळी, बारीक, वाकडी, नयनाबेननं सांगितल्या रस्त्यानं.

कोणीतरी टाळी वाजवली. काकूंनी मागे वळून बघितलं तशी ती टाळी अर्ध्यात थांबली.

काकूंनी कांतला पाठ करून उभं केलं, त्याच्या पाठीवर कागद ठेवला आणि सही केली. सहीच्या खाली मराठीत एक ओळ लिहिली, 'चौथी टोपली झाडापासून वीस पावले दूर.' संपतरावांनी शिक्का मारला. शिक्का मारताना म्हणाले, "माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत अशी एन.ओ.सी. नाही बघितली."

मग खेळ. मी सगळं लिहीत नाही, आणंदची एक मुलगी जिंकली, मी शेवटून तिसरा आलो. पण चार नंबरचं सांगतो. बास्केट लांब नेली. हद्दीची रेषा काकूंनी स्वतः आखली, माझ्याच पिठानं. गोल नव्हता, बटाट्यासारखा आकार होता. आणि तासाभरात एका बाजूनं रेषा गायबच व्हायला लागली. अहमदाबादचा एक जण येऊन विचारतो, "लाइन कोणी पुसली?" काकू म्हणाल्या, "पुसली नाही. खाल्ली."

एका सुरतवाल्याची डिस्क नेमकी ओट्याच्या रस्त्यावर, मुंग्यांच्या ओळीवर जाऊन पडली. नियमाप्रमाणे जिथे पडली तिथूनच पुढची फेक. तो पाय ठेवायला गेला आणि काकूंनी नुसतं "अं हं" केलं. तो थांबला. कांतनं सांगितलं, मागे येऊन फेक, दंड नाही. पण डिस्क तर उचलायला पाहिजे ने, आणि डिस्कवर मुंग्या चढलेल्या. मग सगळे थांबले. चार मिनिटं. मागचे दोन ग्रुप पण थांबले. कोणी कुरकुर केली नाही. एकानं चणे काढले, वाटले. मुंग्या उतरल्यावर काकूंनी स्वतः डिस्क उचलून झटकली आणि त्याच्या हातात दिली. तो सुरतवाला काकूंच्या पाया पडला. का पडला त्यालाही माहीत नसेल.

दहाला बास्केट उचलल्या. तक्रार शून्य. संपतरावांनी कांतला सांगितलं, कायमचा अर्ज कर, मी वर पाठवतो. कांतचा चेहरा तेव्हा बघायला पाहिजे होता.

सामान रिक्षात भरून झाल्यावर काकू आमच्याकडे आल्या. त्या एक महिना नाशिकला लेकीकडे चालल्यात, बाळंतपण आहे. नयनाबेनचे गुडघे दुखतात, रोज वाकणं जमत नाही. "पीठ कोण टाकणार?" त्यांनी विचारलं. कांतकडे बघून विचारलं.

कांत तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "मी."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रोज?"

"रोज."

मग वाटी माझ्या हातात दिली आणि गेल्या.

रिक्षा सुरू झाली. आम्ही दोघं मागे, मांडीवर साखळ्या. कांत म्हणाला, "विश्या, तुझी कधी सकाळची शिफ्ट असते, कधी झोप लागते. एखाद दिवशी राहिलं तर मी येऊन टाकीन. काकूंना कळणार नाही."

"नाही," मी म्हटलं. "तू माझ्या वाटचं परत काही टाकायचं नाहीस. पीठ पण नाही, नाव पण नाही. राहिलं तर राहिलं. पण ज्या दिवशी राहील त्या दिवशी मी आधी तुला फोन करीन आणि लगेच काकूंना नाशिकला. तू विचारायच्या आधी. वचन देतो."